खेळाच्या पोटातलं बुद्धिबळ

म्हशाच्या जत्रेत माझ्या मेहुण्यानं बैल बघायला आलेल्या एका पाहुण्याशी माझी ओळख करून दिली. "हे आमचे दाजी. हे खेळात खेळ लपवतात." पाहुण्यानं मला खालून वर न्याहाळलं, मग जरा बाजूला घेऊन हळूच विचारलं, पोलिसांचा त्रास होतो का. मी मोबाइलवरची रमी चालवतो असा त्याचा समज झाला होता. बैलांच्या गर्दीत उभा राहून मी त्याला माझा धंदा समजावून सांगितला. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजे माणूस एक खेळ विकत घेतो, त्यात चालता चालता दुसराच लागतो, नि तो चिडत नाय?" मी म्हटलं, चिडतो, पण परत येतो. त्याचं समाधान झालं असं वाटत नाही. पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या कचेरीतही कुणी केलेलं नाही.

आता तुम्हालाही सांगतो. हल्लीचे मोठे व्हिडिओ गेम म्हणजे एकेक मुलूखच असतो. खेळणारा त्यात हिंडतो, घोड्यावर बसतो, लढतो, राज्य वाचवतो. त्या मुलखात कुठेतरी एखादी खानावळ असते, तिथे कोपऱ्यात एक पट मांडलेला असतो आणि पलीकडे कुणीतरी तुमची वाट बघत बसलेलं असतं. किंवा एखादं कुलूपबंद दार असतं, त्यावर बुद्धिबळाचा डाव कोरलेला असतो आणि बरोबर चाल केली की दार उघडतं. राज्य वाचवण्याशी या पटाचा काही संबंध नसतो. तो नसला तरी खेळ पुरा होतो. तो पट मांडणारा माणूस म्हणजे मी. आता हे काम मी सोडलं आहे आणि मुरबाडच्या घरी मांजराला शह देत बसतो.

माझा जन्म भातसानगरचा. वडील धरणावर होते. वसाहतीतल्या प्रत्येक ओट्यावर संध्याकाळी पट निघायचे, त्यामुळे मला अक्षरओळख आणि घोड्याची चाल बहुधा एकाच सुमारास झाली. पुढे शहापूरच्या शाळांतून मी मुलांना बुद्धिबळ शिकवत असे आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत डावाची कोडी देत असे. पुरवणीची पानं कमी झाली तेव्हा पहिलं गेलं ते माझं कोडं. त्याच सुमारास ठाण्याहून एका मुलीचा फोन आला. ती म्हणाली, सर, मी लहानपणी तुमची कोडी कापून ठेवायची, आता मी गेम बनवते, तुम्ही आमच्यासाठी दारं बनवाल का. मला वाटलं सुतारकामाचं काहीतरी आहे. मी तिला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीचा नंबरसुद्धा दिला.

ती रेणुका. वय तिशीचं, केस खांद्यापर्यंत, बोलणं इतकं भरभर की ऐकणाऱ्याला दम लागावा. एका बेटावरच्या राज्याचा गेम ती करत होती आणि त्यात तिला तीन ठिकाणी बुद्धिबळ हवं होतं: तुरुंगाच्या दारावर, राजवाड्याच्या चौकात आणि बंदरावरच्या खानावळीत. एकच अडचण होती. पुस्तकाला असतो तसा गेमलाही प्रकाशक असतो. आमचा परदेशात होता आणि त्याला बुद्धिबळ रटाळ वाटत होतं. त्याचा माणूस दिवाळीनंतर येणार, बाहेरच्या लोकांना बोलावून गेम खेळवून बघणार, आणि पटाशी कुणी रमलं नाही तर तिन्ही जागा कापणार, असं ठरलं होतं. बुद्धिबळ कापलं की मीही कापला गेलो, हे कुणी बोललं नाही, पण मला चहा फार आग्रहानं पाजत.

तुरुंगाचं दार सोपं गेलं. दोन चालींत मात, पहिली चाल एकच बरोबर, तिच्याऐवजी दुसरी कुठलीही चालता कामा नये. पुरवणीत दुसरं उत्तर निघालं तर वाचकाचं खरमरीत पत्र येई. इथे दुसरं उत्तर निघालं तर खेळणारा बरोबर असूनही तुरुंगात राहतो, आणि तो पत्र लिहीत नाही, गेमच पुसून टाकतो. म्हणून मी ते दार शहापूरच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून हरतऱ्हेनं ठोकून घेतलं.

चौकात मात्र गंमत झाली. कौस्तुभ नावाच्या चित्रकारानं तो बनवला होता. संगमरवरी फरशी, कारंजी, कमानी, आणि माणसापेक्षा उंच मोहरे ठेवायला आखलेला भव्य पट. तो पडद्यावर बघताना माझ्या अंगावर काटा आला, आणि मग माझी नजर कोपऱ्यावर गेली. बुद्धिबळाच्या पटात बसणाऱ्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं असावं लागतं. इथे ते काळं होतं. मी ते सांगितलं तेव्हा कौस्तुभनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. रंग बदलणं सोपं होतं, पण त्या चौकाचा जाहिरातीचा व्हिडिओ जगभर जाऊन बसला होता. लोकांनी बघितलेली फरशी आता वेगळी कशी दाखवायची?

मी सवयीनं मान वाकडी करून पडद्याकडे बघत होतो. पट बाजूनं बघितला की उजव्या हाताला पांढरं घर येतं. मी रेणुकाला विचारलं, या चौकाला दुसरं दार आहे का. कौस्तुभ म्हणाला, डावीकडे मुदपाकखान्याचं आहे, पण तिथून कोण येणार. रेणुका खुर्चीतून उठलीच. अर्ध्या दिवसात ठरलं: महादरवाजातून येणाऱ्याचे मोहरे जागचे हलणारच नाहीत. ज्याच्या लक्षात येईल की पट आडवा आहे, तो बाहेर जाईल, वळसा घालून स्वयंपाकिणींच्या दारानं आत येईल, आणि मग कारंजी सुरू होतील. झालेली चूक आमचं सगळ्यात अवघड कोडं होऊन बसली. पुढे कित्येक लोकांनी या कल्पनेबद्दल कौस्तुभचं अभिनंदन केलं आणि त्यानं ते न लाजता घेतलं.

राहिली खानावळ, आणि तिथे आमचं घोडं अडलं.

खानावळीत पटापलीकडे बसणाऱ्याच्या चाली संगणक खेळतो. संगणकाला बुद्धिबळ इतकं येतं की तो कुणालाही जिंकू देत नाही. मग त्याला मुद्दाम वाईट खेळायला लावावं लागतं. कचेरीतल्या मुलांनी सोपा उपाय केला होता: अधूनमधून त्यानं डोळे मिटून कुठलीही चाल करायची. परिणाम असा झाला की समोरचा बराच वेळ विश्वविजेत्यासारखा खेळायचा आणि मग एकदम उठून स्वतःचा वजीर तुमच्या प्याद्यापुढे नेऊन ठेवायचा. जिंकल्याचा आनंदच होईना. चक्कर आलेल्या माणसाचं पाकीट उचलल्यासारखं वाटे. मी बरीच खटपट केली. कधी तो फार शहाणा होई, कधी फार खुळा, माणूस काही होईना. रेणुका म्हणाली, सर, खानावळ गेली तर बाकीच्या दोन जागाही जातील, कारण लोक बसतात ते खानावळीत.

त्या दिवसांत एका लग्नासाठी मी माळशेजच्या बाजूला निघालो होतो. टोकावड्याला एसटी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर एका ढाब्यात शिरले, आणि निघायची वेळ झाली तरी ड्रायव्हर बाहेर येईना. प्रवासी कुरकुरायला लागले. बघायला आत गेलो तर ड्रायव्हर कपाळाला हात लावून बुद्धिबळाच्या पटापुढे बसला होता आणि समोर ढाब्याची मालकीण एका हातानं खेळत, दुसऱ्या हातानं भजी तळणाऱ्या सुनेला खुणा करत होती. साठीच्या पुढची, आडव्या बांध्याची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. द्वारकाकाकू. आजूबाजूला चार गावांची भातशेती, त्यातलीच तिचीही थोडी, आणि रस्त्याला हा ढाबा. बुद्धिबळ तिला वडिलांनी शिकवलं. ते जंगलखात्याच्या विश्रामगृहावर रखवालदार होते आणि तिथे एक पट पडून होता.

ड्रायव्हर हरला. मी त्याच्या जागी बसलो. एसटी गेली. लग्नही गेलं.

काकू चांगलं खेळत नव्हती, पण तिच्या वाईट खेळण्याला कारणं होती. घोड्यांवर तिचा जीव. एक घोडा वाचवायला ती हत्ती देई, दोन वाचवायला वजीर देई आणि वर म्हणे की वजीर काय, परत मिळतो. उंटाला ती भीत असे. उंट तिरका येतो, दिसत नाही, म्हणून मिळेल त्या किमतीला ती तो मारून टाकी. राजापुढचं प्यादं ती कारण नसताना पुढे काढायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोंडून ठेवायचा का त्येला? वारा लागू दे." आणि त्या वाऱ्यापायी संकटात आलेल्या राजाला ती इतकी हिकमतीनं वाचवायची की मी, शहापूरचा बुद्धिबळ शिक्षक, तिच्याशी हरलो.

तिचे नियमही जुने होते. आपण नेहमी जे खेळतो त्यात प्यादं पलीकडे पोचलं की हवं ते होतं, आणि सगळे वजीरच घेतात. काकूच्या पटावर प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच होई. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. माझं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं आणि मी वजीर मागितला, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"मास्तर, ज्याच्या घरात जाल, त्याचंच व्हावं लागतं. मी नाय का टोकावड्याची झाले?"

परतीच्या एसटीत मी वेड्यासारखा एकटाच हसत होतो. माणूस चुकतो तो डोळे मिटून नाही. त्याचं कशावर तरी प्रेम असतं, कशाची तरी भीती असते, आणि चूक त्यातून येते. संगणकाला चुका शिकवायच्या नव्हत्याच, घोडा आवडायला शिकवायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी रेणुका माझ्याबरोबर ढाब्यावर आली. आम्ही काकूची परवानगी मागितली. तिचा खेळ, तिचं बोलणं आणि जमलं तर तिचा आवाजही आम्हाला हवा होता. काकूनं सुनेला बोलावलं, मुलाला बोलावलं, पंक्चरच्या दुकानातल्या माणसालाही बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष अटी सांगितल्या. मोबदल्याचं काय ते मुलगा बोलेल. तिला बारीक करून दाखवायचं नाही. आणि तिच्या हातून लबाडीची चाल करवायची नाही. मग तिनं रेणुकाला पटावर बसवलं आणि भजी थंड व्हायच्या आत हरवलं. रेणुका हरल्यावर टाळ्या वाजवत होती. काकू मला म्हणाली, "पोरगी बरी हाय. हरली तरी तोंड पाडत नाय."

मग माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ सुरू झाला. मी कामावर जायचो म्हणजे टोकावड्याला जायचो. ट्रकवाले, दूधवाले, घाटाकडे जाणारी कॉलेजची पोरं, जो थांबेल त्याच्याशी काकू खेळायची आणि मी शेजारी बसून चाली टिपायचो. तिचं बोलणं आम्ही तिथेच रेकॉर्ड केलं. मागे ट्रकचे हॉर्न येत, तळणीचा आवाज येई. ध्वनीमुद्रण करणाऱ्या मुलानं आधी नाक मुरडलं, पण ऐकून झाल्यावर म्हणाला, खानावळच आहे, राहू द्या. बाकी पात्रं इंग्रजी बोलणार होती. काकूचं आम्ही मराठीच ठेवलं, खाली भाषांतराच्या ओळी दिल्या. बेटावर दूरदेशीहून आलेली एक बाई असू शकते, असं रेणुकानं ठरवलं आणि कुणाला विचारलं नाही.

चाचणीचा दिवस आला. ठाण्याच्या कचेरीत बाहेरून बोलावलेली मंडळी ओळीनं पडद्यांपुढे बसली. प्रकाशकाचा परदेशी साहेब मागे उभा. उंच, शांत, दाढीवाला, काय वाटतंय ते चेहऱ्यावर अजिबात न दाखवणारा. मी दाराशी होतो, वेळ आली तर पटकन निघता यावं म्हणून.

सुरुवातीला सगळे लढाया करत होते. मग एक मुलगी बंदरावर आली आणि खानावळीत शिरली. काकू पडद्यावर हसून म्हणाली, ये गो, बस. मुलगी बसली. हरली. परत बसली. शेजारच्या मुलानं वाकून बघितलं आणि तोही आपल्या पडद्यावर खानावळ शोधायला लागला. थोड्या वेळानं त्या रांगेतली निम्मी माणसं राज्य वाऱ्यावर सोडून काकूपुढे बसली होती. कुणी म्हणत होतं की हिचा घोडा मारू नका, चिडते. दुसरं कुणी सांगत होतं की उंट पुढे करा, घाबरते. मी रेणुकाकडे बघितलं. ती आपला दुपट्टा चावत होती.

साहेबानं एक खुर्ची ओढली आणि स्वतः खेळायला बसला. त्याला बुद्धिबळ चांगलं येत होतं. आम्हाला रटाळ म्हणणारा माणूस एवढा चांगला खेळतो हे कुणाला माहीत नव्हतं. तो सरळ जिंकायला निघाला होता. त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, त्यानं वजीर मिळणार म्हणून हात मागे घेतला, आणि पटावर घोडा आला.

साहेब रेणुकाकडे वळून तुटक आवाजात म्हणाला की तुमच्या गेममध्ये बिघाड आहे. रेणुका उत्तर देणार, इतक्यात पडद्यावरून काकूचा आवाज आला, मागे तळणीच्या चुरचुरीसकट: "घोड्याच्या घरात गेलास, घोडाच व्हणार. वजीर पायजे तर वजिराच्या घरात जायचं व्हतं रे."

साहेबानं खालचं भाषांतर वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. त्याची दाढी आधी हलली, मग खांदे हलले, मग तो अख्खा हसायला लागला, खुर्ची मागे सरकेपर्यंत. तो डाव तो हरला. त्यानं लगेच दुसरा मांडला. जेवण आलं तरी उठला नाही. शेवटी रेणुकानं त्याच्यापुढे डबा नेऊन ठेवला तेव्हा तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ही बाई राहील. दारही राहू दे. आणि ते फरशीचं जे काही आहे, तेही."

रेणुकानं मला मिठी मारली. कौस्तुभनं मला मिठी मारली. तळणीवर नाक मुरडणारा मुलगाही आला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, कचेरीच्या पॅसेजमध्ये चक्क एका पायावर उड्या मारल्या. तिथल्या झाडूवाल्या मावशींनी विचारलं, पायात गोळा आला का.

गेम बाजारात आला. माझं नाव शेवटी येतं, अगदी शेवटी, संगीत संपून नुसता काळा पडदा उरतो त्याच्या जरा आधी. तोवर कुणी थांबत नाही. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तुरुंगाच्या दाराचं उत्तर कुणीतरी व्हिडिओ करून सगळ्यांना दाखवून टाकलं, त्याचंही वाटतं. माझ्या पुरवणीतल्या कोड्यावर माणसं आठवडाभर डोकं खाजवायची. पण काकूचं उत्तर कुणाला दाखवता आलं नाही, कारण ती माणसागणिक वेगळी खेळते.

आम्ही लॅपटॉप घेऊन टोकावड्याला गेलो. दुपारची वेळ, ढाब्यात ट्रकवाले गोळा झालेले. काकू काकूसमोर बसली. पडद्यावरची म्हणाली, ये गो, बस. खरी म्हणाली, बसलेच हाय. मग दोघींनी डाव सुरू केला. दोघींनी राजाला वारा लावला, दोघींनी एकमेकींचे उंट आधी उडवले, दोघींनी घोड्यांपायी वजीर सोडले. पडद्यावरच्या बाईनं टोमणा मारला की इकडून उत्तर जाई, आणि ट्रकवाले दोन्ही बाजूंनी हसत. शेवटी कितीतरी वेळ नुसते घोडेच फिरत राहिले आणि गेमनं बरोबरी जाहीर केली. काकू समाधानानं मागे टेकली. म्हणाली, बाई चांगली खेळते, पण हट्टी आहे.

पडद्यावरची बाई पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसली होती.

"मास्तर, हिला सुट्टी कवा असते?"

मी म्हटलं, काकू, तिला सुट्टी नाही, जगात कुठे ना कुठे कुणीतरी खेळतच असतं.

"आमी मंगळवारी ढाबा बंद ठेवतो. लेकीकडं जातो शहापूरला. हिनं काय पाप केलंय?"

येताना गाडीत रेणुका एक शब्द बोलली नाही, हे मी तिच्या बाबतीत प्रथमच बघत होतो. मुरबाड आल्यावर म्हणाली, करू या सर.

तेव्हापासून आमच्या गेममध्ये खानावळ मंगळवारी बंद असते. दाराला कडी, पटावर फडकं. पहिल्या मंगळवारी जगभरातून तक्रारी आल्या. त्या वाचायचं काम माझ्याकडे होतं आणि इतक्या आनंदानं मी दुसरं कुठलंच काम केलं नसेल. एकानं लिहिलं होतं की मी दिवसभराच्या कामानंतर फक्त हिच्यासाठी येतो, ही गेली कुठे. आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. मग लोक तिला शोधायला लागले, आणि एकाला ती सापडली. बेटाच्या मागच्या बाजूला, जिथे ना लढाई ना खजिना, तिथे किनाऱ्यावर ती साडी खोचून घोटाभर पाण्यात उभी होती. बोलावलं तर वळून बघते, हसते, खेळत मात्र नाही. आता दर मंगळवारी माणसं तिकडे जातात. तलवारी-चिलखतांसकट वाळूत तिच्या मागे बसून राहतात.

हे मी काकूला मोबाइलवर दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं. मागे सून विचारत होती की भज्यांचं पीठ भिजवू का. काकूनं तिला हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ दे तिला पाण्यात," ती म्हणाली. "एवढ्यात नको बोलावू."